जांटीखालची शोधखूण

मित्रांनो, दिल्लीत सीलमपूरला भंगाराचा मोठा बाजार आहे. तिथे फुटक्या पडद्यांचा आणि गुंतलेल्या वायरींचा एक ढीग आहे आणि त्या ढिगाच्या तळाशी मी आहे. दिसायला म्हणाल तर पिवळट पडलेला एक पत्र्याचा डबा. दुकानदार माझ्यावर चहाचा ग्लास ठेवतो. पण एके काळी माझ्या खोलीत यायचं असेल तर मोठमोठ्या साहेबांनाही दाराबाहेर बूट काढावे लागत. होय, मी एक जुना संगणक आहे, नकाशांच्या कचेरीतला. मला मोडायला घेतील तेव्हा घेतील. त्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. ती माझी आहे, आणि माझ्यापेक्षा जास्त एका आईची आहे.

माझा जन्म नेहरू प्लेसमधल्या एका छोट्या दुकानात झाला. देशाची दारं तेव्हा नुकतीच उघडली होती. परदेशातून सुटे भाग पेट्या भरभरून येत होते. माझा डबा इथला, आतला मेंदू तैवानचा, पडदा कोरियाचा. दुकानातल्या कारागिराने स्क्रू आवळले, वीज लावली, आणि माझ्या काळ्या पडद्यावर हिरवं टिंब लुकलुकलं. ते बघून दोन माणसं हसली. एक होते सुधाकरसाहेब, कचेरीचे मालक. त्यांचा जन्म, शाळा, लग्न सगळं दिल्लीत झालेलं. त्यामुळे त्यांची मराठी अर्धी हिंदीतून चाले. दुसऱ्या होत्या वीणाताई. पुण्याहून भूगोलात एम. एस्सी. करून, लग्नानंतर दिल्लीला आलेल्या.

मला कचेरीत न्यायला ऑटोरिक्षा केली. पडदा सुधाकरसाहेबांनी घेतला. मला वीणाताईंनी मांडीवर घेतलं, वरून आपली शाल गुंडाळली आणि खड्डा आला की दोन्ही हात घट्ट करत राहिल्या.

रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. "बहनजी, छोटा बच्चा है? आहिस्ता चलाऊँ?"

सुधाकरसाहेब खो खो हसले. वीणाताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हाँ भैया, आहिस्ता."

कस्तुरबा गांधी मार्गाच्या मागच्या गल्लीतल्या एका जुन्या इमारतीत आमची कचेरी होती. माझ्यासाठी तिथे खास खोली केली होती. काचेचं दार, थंड हवेचं यंत्र, खाली जाजम. बाहेर पाटी होती, 'कृपया जूते बाहर उतारें'. मला तेव्हा वाटायचं, मी देवच आहे. खंडेनवमीला तर वीणाताई मला हळदकुंकू लावत, झेंडूचं फूल ठेवत. सुधाकरसाहेब घाबरून म्हणत, "अगं वीणा, कुंकू आत गेलं तर? वॉरंटी नाही यार हळदीची!"

"काका, हत्यारांची पूजा आहे. आपलं हत्यार हेच ना?"

"अच्छा, मग उसको पेढा भी खिला."

आता माझं काम सांगतो. तेव्हा दिल्लीच्या चहूबाजूंनी नवी उपनगरं उठत होती. गुडगावच्या बाजूला, नोएडाच्या बाजूला शेतं जाऊन सेक्टर येत होते. बांधकाम करणाऱ्यांना जुने नकाशे लागत. कुठे तळं होतं, कुठे विहीर, कुठे देऊळ, कुठे श्मशान, कुठे कब्रस्तान. आमच्याकडे अशा नकाशांची कपाटंच्या कपाटं होती. प्रत्येक नकाशाचं वर्णन माझ्यात टंकलं जाई: गाव कोणतं, साल कोणतं, मोजणी कुणी केली, कोपऱ्यात काय लिहिलं आहे.

पण वर्णन टंकलं म्हणजे ते शोधता येतं असं नाही, बरं का. मला कुणीतरी शिकवावं लागे, की हे 'साल' आहे, हा आकडा असतो, लोक याने शोधतील. हे 'तळं' आहे, हा शब्द असतो, याचीही एक चौकट पडद्यावर हवी. या चौकटीला आमच्या कचेरीत शोधखूण म्हणत. एकेक शोधखूण हाताने लिहिता लिहिता वीणाताईंची बोटं दुखून येत. त्यातून मोजणीदार सगळे आपापल्या मर्जीचे. एक लिही 'जोहड', दुसरा 'तालाब', तिसरा 'पोखर'. तळं तेच.

मग वीणाताईंनी एक युक्ती केली. उन्हाळाभर बसून त्यांनी माझ्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. मी आपला आपण सगळी वर्णनं वाचायची. पुन्हा पुन्हा काय येतं ते बघायचं. ती तारीख आहे, आकडा आहे की नाव, ते ओळखायचं. सारखे शब्द एका खुणेखाली आणायचे आणि नवी शोधखूण स्वतःच बनवून पडद्यावर मांडायची. ज्या दिवशी मी पहिल्यांदा जोहड, तालाब आणि पोखर न सांगता एकत्र केले, त्या दिवशी वीणाताईंनी टाळी वाजवली. सुधाकरसाहेबांनी बंगाली मार्केटमधून रसमलाई मागवली. मला कुणी दिली नाही, पण माझ्यासमोर ठेवून खाल्ली.

एक नियम मात्र वीणाताईंनी मला घालून दिला होता. एखादी गोष्ट निदान पाच नकाशांत आली, तरच तिची शोधखूण बनवायची. त्याहून कमी असेल तर 'इतर' नावाच्या कप्प्यात ढकलायची. त्या कप्प्याला चौकट नव्हती. तिथलं काही शोधता येत नसे. नियम शहाणपणाचा होता. नाहीतर टंकणाऱ्याच्या प्रत्येक चुकीची मी एक शोधखूण करून बसलो असतो.

त्या वर्षांत माझं फार कौतुक झालं. बिल्डरांची माणसं बूट काढून, मोजे सावरत आत येत. त्यांतले चौधरीजी नेहमी येत. मोठ्या पोटाचे, मोठ्या आवाजाचे. "मैडम, गाँव का नाम डालो. मंदिर, श्मशान, कब्रिस्तान बता दो बस. उन्हीं पे काम रुकता है." मी क्षणात यादी दाखवी. चौधरीजी माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणत, "वाह रे पंडित!"

वीणाताईंची मुलगी मयुरा शनिवारी शाळा सुटली की कचेरीत येई. पहाडगंजच्या मराठी शाळेत होती ती, तरी बोलणं खिचडीच. "आई, इसका दिमाग किधर आहे?" असं मला बघून विचारी. वीणाताई तिला नजरेआड होऊ देत नसत. जिन्याशी गेली की हाक. खोकली की कपाळाला हात. पाणी प्यायली का, खिडकीपाशी कशाला, ती वायर सोड. सुधाकरसाहेब चिडवत, "अगं, ती मुलगी आहे की काचेचं भांडं?"

"असू दे काका. मला माहीत आहे ते मला माहीत आहे."

मला मात्र माहीत नव्हतं. ते एका दुपारी कळलं.

त्या दुपारी चौधरीजी खैरावासचे नकाशे देऊन गेले. गुडगावच्या पलीकडचं एक लहानसं गाव होतं ते. दिवाळी झाली की तिथली जमीन सपाट करायला घेणार होते. वीणाताईंनी गावाचं नाव वाचलं आणि त्यावरून एकदा बोट फिरवलं. नकाशे माझ्यात भरून झाले, तसं त्यांनी दार लावून घेतलं आणि शोधायला सुरुवात केली. आधी 'श्मशान'. एक जागा आली. ती त्यांनी पुसली. मग 'बच्चे'. काही नाही. 'बालक'. काही नाही. मराठीतून, हिंदीतून, इंग्रजीतून त्यांनी शब्द घातले. माझं उत्तर तेच येत राहिलं, 'अशी शोधखूण नाही'.

तेवढ्यात मयुराला शाळेतून घेऊन पुष्करराव आले. ते वीणाताईंचे यजमान. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ही मंडळी राहत. मयुरा बाहेर शिपायाशी गप्पा मारत बसली.

"पुष्कर," वीणाताईंनी मान न वळवता विचारलं, "तळ्याच्या कुठल्या बाजूला?"

"वीणा, इथे नको."

"मग कुठे? घरी मयुरा असते, तिथेही तू नकोच म्हणतोस. दिवाळीनंतर ते जमीन खणणार आहेत रे."

पुष्करराव दारालाच टेकले. "मला खरंच आठवत नाही गं. सकाळ होती, धुकं होतं. घरमालक पुढे चालत होते, मी त्यांच्या मागे. एक झाड होतं एवढं आठवतं. मी तिच्याकडे बघत होतो, जागेकडे नाही."

मित्रांनो, आता हे तुम्हाला सांगायलाच हवं. मयुराच्या आधी या घरात एक मुलगी जन्मली होती. पुष्कररावांची तेव्हा गुडगावच्या एका कारखान्यात पहिली नोकरी होती आणि खैरावासला भाड्याची एक खोली होती. थंडीचे दिवस होते. बाळाला ताप आला आणि बारशाच्या आधीच ते गेलं. इतक्या लहान बाळाला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. वीणाताई बाळंतिणीच्या खाटेवर होत्या. त्यांना कुणी जाऊ दिलं नाही. बाळ कुठे ठेवलं ते त्यांनी कधी पाहिलंच नाही. बारसं झालं नाही म्हणून बाळाला नाव नव्हतं. अशा जागेविषयी गावात कुणी बोलत नाही म्हणून जागेलाही नाव नव्हतं. आणि मी तर नावाशिवाय काहीच शोधू शकत नव्हतो.

पण एक गोष्ट होती. खैरावासच्या सगळ्यात जुन्या नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात कुणा मोजणीदाराने बारीक अक्षरात, सहज नजरेत येणार नाही अशी, एक ओळ लिहिली होती. टंकणाऱ्याने ती इमानदारीने टंकली होती. मी ती वाचली होती. हजारो नकाशांत ती एकदाच आली होती, म्हणून नियमाप्रमाणे ती 'इतर'च्या कप्प्यात पडली होती. वीणाताई माझ्यासमोर बसून ओठ चावत होत्या, आणि त्यांना हवं होतं ते माझ्या पोटात होतं. मला विचारल्याशिवाय बोलता येत नाही. आणि विचारायला चौकट नव्हती.

पुढचे काही दिवस त्या नीट जेवल्याही नाहीत. डबा तसाच परत जाई. मग एका सकाळी आल्या, पर्स ठेवली, आणि मयुराच्या डोक्याला तेल लावावं इतक्या शांतपणे त्यांनी माझा प्रोग्राम उघडला. नियमातला पाच पुसला. तिथे एक लिहिला. आणि मला म्हणाल्या, "आता सगळं दाखव."

मी सगळं दाखवलं. काय सांगू तुम्हाला! 'इतर'चा कप्पा फुटला. तालाब, तलाब, तालब, टालाब, सगळ्यांच्या वेगळ्या शोधखुणा झाल्या. 'चाय का दाग' ही शोधखूण झाली, कारण एका नकाशावर चहा सांडला होता. 'रामलाल छुट्टी पर' ही शोधखूण झाली. पडदा भरून वाहायला लागला.

सुधाकरसाहेब बूट न काढताच धावत आत आले. "वीणा! हे काय सब्जी मंडी करून ठेवलंस? बाहेर क्लायंट बसलाय, त्याला रामलाल दिसतोय!"

वीणाताई एकेक ओळ बोटाने खाली सरकवत होत्या. बोट थांबलं. पडद्यावर होतं:

'जोहड के उत्तर में, जांटी के नीचे, छोटे बच्चों की मिट्टी.'

सुधाकरसाहेबांनी ते वाचलं. मग बाहेर गेले, बूट काढले, आणि पुन्हा आत येऊन स्टूल ओढून बसले. वीणाताईंनी पहिल्यांदाच त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. शेवटी इतकंच म्हणाले, "क्लायंटला उद्या बोलावतो."

रविवारी पुष्करराव आणि वीणाताई नकाशाची छापील प्रत घेऊन खैरावासला गेले. सोमवारी वीणाताईंनी सुधाकरसाहेबांना सांगितलं ते मी ऐकलं.

"तळं आटलंय काका. चुन्याच्या रेषा मारून ठेवल्यात सगळीकडे. पण झाड आहे. जांटी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला सोनं म्हणून आपट्याबरोबर हिचीही पूजा करतो ना, तीच. मला माहीत असतं तर... इतकी वर्षं मी बाजारातून शमीची पानं विकत आणत होते."

"बसलीस का तिथे?"

"बसले. पुष्करने पहिल्यांदा तिचं नाक कसं होतं ते सांगितलं. मयुरासारखंच होतं म्हणाला."

चौधरीजी आले तेव्हा वीणाताईंनी त्यांच्यापुढे तो नकाशा ठेवला. त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली. मोठ्या आवाजाचा माणूस, पण आवाज खाली आला. "बेटी, सच कहूँ? जो नक्शे में है, उसे मैं छोड़ दूँगा. जो नक्शे में नहीं, मेरे लिए वो खाली प्लॉट है. तुम ये निशान मत हटाना."

पण पाचाचा नियम परत लावावाच लागला. त्या सब्जी मंडीत कुणाला काही सापडेना. मग वीणाताईंनी एक शोधखूण स्वतः हाताने लिहिली. मी बनवलेल्या सगळ्या खुणांमध्ये ती एकटी हाताची होती. गाव, दिशा, झाड. आणि शेवटी एक रिकामी चौकट, 'नाव'. ती त्यांनी रिकामीच ठेवली.

सुधाकरसाहेब म्हणाले, "एक राहू दे. बिल्कुल राहू दे. कोण विचारतो!"

चौधरीजींनी शब्द पाळला. रस्ता थोडा वळवला, झाडाभोवती विटांचं कुंपण केलं. त्यानंतर दर दसऱ्याला माझ्या कळफलकावर झेंडूबरोबर त्या झाडाची एक डहाळी असे. तिची बारीक पानं कळांच्या फटीत पडत. ती अजून माझ्या आतल्या धुळीत असतील.

मित्रांनो, माझी चांगली वर्षं इथे संपली.

पुष्कररावांची बदली नागपूरला झाली. जाताना वीणाताईंनी सुधाकरसाहेबांना दहादा बजावलं, ती शोधखूण जपा म्हणून. दर दसऱ्याला नागपूरहून फोन येई. साहेब तो माझ्याच खोलीत घेत. "हो गं, आहे. समोर बघतोय ना मी, आहे. यार तू काळजी किती करतेस!" मग साहेबांचे गुडघे गेले, डोळे गेले, त्यांनी कचेरी विकली. निघताना त्यांनीही नव्या लोकांना सांगितलं असणार. पण सांगितलेलं किती जणांच्या हातून पुढे जातं, तुम्हीच सांगा.

नवी मंडळी पुण्यामुंबईहून आलेली, तरुण, हुशार. माणसं वाईट नव्हती. माझ्या जागी पातळ पडद्याचे संगणक आले. माझ्या पोटातलं सगळं नव्या प्रोग्रामने ओढून घेतलं. तो प्रोग्राम माझ्यापेक्षा कितीतरी वेगाने शोधखुणा बनवत असे. नियम त्याचाही होता, आणि माझ्यापेक्षा कडक. यादी करताना मानस नावाच्या तरुणाने शेजारी बसलेल्या देविकाला विचारलं, "ही बघ. एकच नोंद, आणि नावाची चौकट रिकामी. कुणीतरी टेस्टिंगला केली असेल ना?"

"असेल," देविका म्हणाली. तिचं लक्ष दुसरीकडे होतं, तिला कुणीतरी हाक मारत होतं.

मानसने ती ओळ नव्या यादीत घेतलीच नाही. मी तेव्हा चालू होतो. पण मला कुणी काही विचारत नव्हतं. संध्याकाळी माझी वायर काढली आणि मला कोपऱ्यात सरकवलं. 'जूते बाहर उतारें' ही पाटीही कुणीतरी काढून टाकली.

काही वर्षं गेली. खाली रस्त्यावर मेट्रोचं खोदकाम चालू होतं, त्याने माझा पत्रा दिवसभर थरथरे. अशाच एका दुपारी काचेच्या दारातून एक आवाज आला आणि तो मी ओळखला. वीणाताई होत्या. केसांत पांढरी बट, पण पदर तसाच खोचलेला. बरोबर मयुरा, आता आईच्या खांद्याच्या वर गेलेली. दारापाशी वीणाताईंनी सवयीने चपला काढल्या. आत सगळे बूट घालून बसले होते.

देविका उठून पुढे आली. "या ना, कोण हवंय आपल्याला?"

"मी पूर्वी इथे होते. खैरावासचा नकाशा बघायचा होता. आम्ही सकाळी तिथे जाऊन आलो." वीणाताई थांबल्या. मयुराने पुढचं सांगितलं, "तिथे मॉल आहे. जिथे झाड होतं ना, तिथे गाड्या खाली जायचा रॅम्प आहे. आईला कळतच नाहीये की बिल्कुल नेमकं कुठे."

देविकाने नव्या संगणकावर शोधलं. एकदा, दोनदा. "नाहीये मॅम. अशी शोधखूण कधी नव्हतीच इथे."

"होती," वीणाताई म्हणाल्या. "मी हाताने लिहिली होती."

देविकाची बोटं थांबली. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तिला ती ओळ आठवली असावी. "एकच नोंद होती का ती? नावाची चौकट रिकामी?"

"हो."

चौधरीजी केव्हाच वारले होते. जमीन पुढे दुसऱ्यांकडे गेली, त्यांनी इथूनच नवा नकाशा नेला. त्या नकाशात काही नव्हतं. जे नकाशात नाही तो खाली प्लॉट. पुढचं तुम्हाला समजलंच असेल.

वीणाताई रडल्या नाहीत. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि त्यांची नजर कोपऱ्यात माझ्यावर आली. "तो अजून आहे?"

देविकाने खाली बसून स्वतःच्या ओढणीने माझी धूळ पुसली, वायर शोधली, वीज लावली. मी सुरू होईन असं कुणालाच वाटलं नव्हतं. मलाही नाही. बराच वेळ मी नुसता घरघरलो. मग पडद्यावर हिरवं टिंब आलं.

वीणाताईंनी गावाचं नाव टंकलं. कळा त्यांना अजून पाठ होत्या. आणि मी दाखवलं. तळ्याच्या उत्तरेला, जांटीखाली. खाली रिकामी चौकट.

मयुराने ओळ मोठ्याने वाचली. "ही ताईची जागा?"

"हो."

"मग हे रिकामं का ठेवलंय? नाव?"

"बारसं झालं नव्हतं, बाळा."

मयुराने त्या चौकटीवर बोट ठेवलं. "बारशाला नाव कोण ठेवतं?"

"आत्या ठेवते."

"आपल्याला आत्या नाहीये ना. बहीण चालते?"

वीणाताईंनी तिच्याकडे पाहिलं. "चालते," त्या म्हणाल्या.

मयुराने आईच्या कानाशी काहीतरी विचारलं. वीणाताईंनी डोळे मिटून तिच्या कानात एक शब्द सांगितला. मला वाटतं, तो शब्द त्यांच्याजवळ पहिल्या दिवसापासून होता. मग मयुरा माझ्यावर वाकली, इतकी जवळ की तिच्या श्वासाने माझा पडदा धुरकटला. ती हळूच म्हणाली, "कुर्रर्र." आणि तिने त्या चौकटीत नाव टंकलं.

बारशाला 'कुर्र' झालं की शेजारच्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, ते तुम्ही पाहिलं असेल. देविका पुण्याची. तिचा हात सवयीने उठला आणि मयुराच्या पाठीवर हलकेच पडला. मग तिला भान आलं. तिने हात मागे घेतला नाही. तो तसाच मयुराच्या पाठीवर राहिला, आणि रडली ती देविकाच.

"मी हे नव्या सिस्टीममध्ये घालते," ती डोळे पुसत म्हणाली. "वरून मंजुरी लागते, पण मी घालून घेते. शप्पथ."

वीणाताईंनी वायर स्वतः काढली. जाण्याआधी माझ्यावर हात ठेवला, क्षणभरच. दारात चपला घातल्या. आणि मयुराला म्हणाल्या, "जिन्यावर सांभाळून गं."

त्यानंतर थोड्याच दिवसांत कचेरीची साफसफाई निघाली. देविका त्या दिवशी आली नव्हती. एका हातगाडीवर मला घातलं, आणि मी इथे आलो. देविकाला मंजुरी मिळाली का? नव्या नकाशात ते नाव आलं का? मला माहीत नाही. मिळाली असेल, असं मी रोज स्वतःला सांगतो. पण न मिळाली असेल तर ते नाव जगात आता फक्त एका आईजवळ, एका बहिणीजवळ, आणि इथे, चहाच्या ग्लासाखाली आहे.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, माझ्याहून वेगवान यंत्रं बनवाल. ती यंत्रं आपली आपण शोधखुणा करतील. जे पुष्कळदा येतं ते त्यांना लगेच कळेल. त्यात काही वाईट नाही, मीही तेच करत होतो. पण जे एकदाच आलं आहे, त्याच्यापाशी जरा थांबत जा. पुसण्याआधी शेजारच्याला दुसऱ्यांदा विचारा. आणि जुनं काही भंगारात काढाल तेव्हा आधी एकदा वीज लावून बघा.

पलीकडे हातोडे चालू झालेत. तांब्यासाठी ते डबे फोडतात. अजून माझ्या ढिगापर्यंत आलेले नाहीत. ते नाव मी तुम्हालाही सांगणार नाही, ते घरच्यांनीच आधी घ्यावं. मी ते नुसतं धरून बसलो आहे. नेहरू प्लेसहून येताना प्रत्येक खड्ड्याला वीणाताईंनी मला धरलं होतं, तसं.